सहाव्या भागातला हशा

१५ डिसेंबर १९९७, सोमवार. सांगलीतल्या हळदीच्या गोदामामागे, हौदावर बसून मी एक पांढरं धोतर घासत होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि नवखा माणूस घाबरतो. मी घाबरत नव्हते. तीन महिन्यांत अशी डझनभर धोतरं धुऊन झाली होती. साबण लावायचा, पिळायचं, कडक उन्हात टाकायचं. संध्याकाळपर्यंत डाग उडतो. गोदाम आम्ही शूटिंगसाठी घेतलं होतं. त्यातली पोती कधीच गेली होती, पण हळद गेली नव्हती. पत्र्यातून, भिंतीतून, फरशीच्या भेगांतून ती रोज थोडी थोडी निघत राहायची. पांढऱ्या कपड्यातला नट भिंतीला टेकला की आमचा तास गेला.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. अण्णा आमचे दिग्दर्शक आणि निर्मातेही. उभं आयुष्य हौशी नाटकात घालवलेले, आणि पन्नाशीनंतर टीव्हीत पडलेले.

"सुनंदा, दोन कामं आहेत बघ."

"बोला."

"शनिवारी चॅनलचे प्रधान कोल्हापूरला लग्नाला निघालेत. वाटेत साताऱ्याला थांबून सहावा भाग बघणार. त्यात हशा घातलेला पाहिजे म्हणालेत."

"आणि दुसरं?"

"मालनबाईंना सांगून टाक. सातव्या भागापासनं त्या नाहीत. मुंबईची मुलगी येणार आहे."

"हे तुम्ही सांगायला पाहिजे, अण्णा."

"मला जमायचं नाही. तू कोरडी आहेस, तुला जमेल."

ही स्तुती होती का, ते मी विचारलं नाही. धोतर पिळून तारेवर टाकलं.

आमचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. एका भागात चार छोटी प्रहसनं. सेटवर आम्ही त्यांना स्किट म्हणायचो. चॅनल नवं होतं आणि त्यांनी तेरा भाग दिले होते. तेव्हा सगळं तेराच्याच हिशेबात मिळायचं. चार भाग टीव्हीवर येऊन गेले होते, सहा शूट झाले होते. माझ्याकडे कपडे आणि कन्टिन्युइटी. कन्टिन्युइटी म्हणजे काय, हे मला अजून लग्नकार्यात लोक विचारतात. एकच प्रसंग आम्ही तुकड्यातुकड्यांनी शूट करतो. शेवट सकाळी, सुरुवात दुपारी. मग सकाळी नटाच्या डाव्या हातात कप असेल तर दुपारीही डाव्याच हातात आणि तेवढाच भरलेला पाहिजे. ते लक्षात ठेवायला एक माणूस वही घेऊन बसतो. सांगलीत तो माणूस मी होते.

त्या सीझनचं आज आठवलं तरी बरं वाटतं, आणि त्यात फसलेल्याच गोष्टी जास्त आठवतात. एसटीडी बूथवरचं स्किट फार चाललं. गावातला एकमेव फोन, आणि बोलणाऱ्याचं भांडण रांगेतले सगळे मिळून सोडवतात. ते बघून सांगलीत लोक मला रस्त्यात थांबवून आपापल्या बूथचे किस्से सांगायचे. त्याच उत्साहात आम्ही 'चंद्रावर ग्रामपंचायत' केलं. तेलाचे डबे कापून रॉकेट बनवलं, त्याला चंदेरी रंग दिला. दिव्यांच्या उष्णतेने रंग सुटला, दार आतून चिकटलं आणि सरपंच झालेला नट वीस मिनिटं आत अडकला. बाहेर काढल्यावर त्याने मिशी आत राहिल्याचं सांगितलं. ते स्किट आम्ही तसंच दाखवलं. त्यावर एकच पत्र आलं: असे डबे कुठे मिळतात?

हशाचा प्रश्न पाचव्या भागापासून सुरू झाला. प्रधानांचं म्हणणं, प्रेक्षकाला कुठे हसायचं ते कळत नाही, म्हणून मागून हशा ऐकू यायला हवा. अण्णांनी पुण्याहून हशाची एक टेप आणली. परदेशी होती. ती आम्ही पाचव्या भागाला लावली आणि अण्णांच्या वाड्यातल्या शेजाऱ्यांना दाखवली. एक आजोबा शेवटपर्यंत बारकाईने बघत होते. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण नाटकातल्या बबनच्या माजघरात हे साहेबलोक कोण बसलेत?" टेप परत गेली.

आता सहाव्या भागासाठी आपला हशा आपणच गोळा करायचा होता. लोकांना भाग दाखवायचा, ते हसतील तेव्हा ते हसणं रेकॉर्ड करायचं, आणि साताऱ्यात एडिटिंगला बसून ते जिथल्या तिथे लावायचं. पाच दिवस होते. आमचा साउंडवाला मुनीर मिरजेचा. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनवतात. कान इतका तयार, की शेजारच्या खोलीत पंखा लावला तर तो शूटिंग थांबवायचा.

पण आधी मालनबाई.

त्या कडेगावच्या. बालवाडी चालवायच्या आणि जत्रेतल्या नाटकात काम करायच्या. अण्णांनी त्यांना एका स्पर्धेत बघितलं आणि बोलावलं. सहा भागांत त्यांना मिळून पाच-सहा वाक्यं असतील. बाकी सगळीकडे त्या सून, मोलकरीण, शेजारीण. मागे उभ्या. आमचा मुख्य नट राजन. पुण्याचा, देखणा, बोलायला चटपटीत. सगळे विनोद त्याला. खरं सांगायचं तर मालनबाईंना काढायचं चॅनलचं म्हणणं मलाही पटत होतं. माझ्या वहीत मालनबाईंच्या नावापुढे एकच प्रकारची नोंद असायची: इथे हात हलवला, तिथे पदर सरकवला, शॉट जुळत नाही.

मी कपड्यांच्या खोलीत गेले तर त्या आपल्या पिशवीची चेन लावत होत्या.

"मालनबाई, जरा बोलायचं होतं."

"मला कळलंय, ताई."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. माझं लुगडं तुमी पेटीत पार तळाला घातलंय. लागणाऱ्या माणसाचं कापड कोण तळाला घालतं व्हय?"

सकाळी पेटी लावताना त्यांना काढण्याबद्दलची अण्णांची फोनवरची कुजबूज माझ्या कानावर आलेली होती. हात आपोआप तसा चालला असणार. मी म्हटलं, चॅनलचा निर्णय आहे, आमच्या हातात नाही.

"असंल. पर मी तेरा भाग म्हणून सांगून आलेय." त्या पेटीवर बसल्या. "सासऱ्यास्नी विचारून आले. ते म्हणाले, जातीस तर जा, पर घेतलेलं पुरं करून ये. बालवाडी तीन म्हैनं जावंच्या हवाली केली. आता सातव्याला माघारी गेले तर समदं गाव म्हणंल, काढली तिला. जावा हसतील, त्याचं काय न्हाई. सासरं काय बोलणार न्हाईत, त्ये लय वाईट."

"प्रयत्न करते" असं मी म्हटलं नाही, कारण करणार नव्हते. एसटी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेले, एवढंच.

मंगळवारी आम्ही सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये भाग दाखवला. शंभर माणसं आली. सांगलीचा प्रेक्षक म्हणजे नाटकावर वाढलेला. तो हसत नाही, दाद देतो. राजनने चांगलं वाक्य टाकलं की तिसऱ्या रांगेतून "वा" यायचं. शेवटी टाळ्या झाल्या, कडक आणि मोजक्या. एका निवृत्त मास्तरांनी उभं राहून दुसऱ्या स्किटमधला पॉज लांबल्याचं सांगितलं. त्यावर दोन गट पडले. मुनीर हेडफोन काढत म्हणाला, "ताई, सगळं साफ रेकॉर्ड झालंय. चर्चा पायजे तर आहे माझ्याकडं. हसणं न्हाई."

बुधवारी टीव्ही, व्हीसीआर आणि मुनीर यांना जीपमध्ये घालून मी कोरेगावजवळच्या एका गावात गेले. कोरेगाव माझ्या माहितीचं; माहेर साताऱ्याचं, तिथून अर्ध्या तासावर. देवळापुढे संध्याकाळी मंडप लावला. पुढे पंच आणि म्हातारी माणसं, त्यांच्यामागे पुरुष, पार मागे खांबांपाशी चाळीसभर बायका. पुरुष हसत होते, पण पुढे बसलेल्या एका आबांकडे बघून. आबा हसले की मग सगळे. आबांना उशिरा कळायचं, त्यामुळे हशा प्रत्येक वेळी पुढच्या वाक्यावर यायचा. निरुपयोगी.

म्हणून मुनीरने माइक मागे नेला. दहा मिनिटांनी मला खूण करून बोलावलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावला.

"ऐका. चाळीस बायका आहेत आणि आवाज नुसता बांगड्यांचा."

मी वळून बघितलं. सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले होते. पुढे सासरे, चुलतसासरे, भावकीतले मोठे बसलेले. त्यांच्यादेखत बाई मोठ्याने हसत नाही. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून काही नाही. फक्त खळखळ बांगड्या.

सवयीने मी वही काढली आणि बांगड्या कुठे कुठे वाजतात ते लिहीत गेले. बांगड्या राजनच्या वाक्यांवर वाजत नव्हत्या. राजन बोलत असायचा तेव्हा मागे काहीतरी चालू असायचं, त्यावर वाजत होत्या. तेव्हा मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. मला हशा हवा होता. हसणाऱ्या बायका सापडल्या होत्या, आता त्यांच्यापुढचे पुरुष काढायचे होते.

गुरुवारी दुपारी कोरेगावात घेवड्याच्या एका गोदामात गेले. तिथे तीस बायका घेवडा निवडायला बसायच्या. मुकादमाला म्हटलं, "तुम्ही तासभर चहा घेऊन या." तो म्हणाला, "तासभर कोण चहा घेतं?" म्हटलं, "दोन घ्या." तो गेला. टीव्ही पोत्यांवर ठेवला.

मुनीरची अडचण सुपांची. पाखडण्याचा आवाज फार. "मावशी, थोडा वेळ काम थांबवायचं का?" त्याने अदबीने विचारलं.

शेवंताकाकू म्हणून तिथल्या म्होरक्या होत्या. त्या म्हणाल्या, "आनि आमचा घेवडा कोण निवडणार, तुजी आई?"

"ती मिरजेला आहे, मावशी."

"मग गप बस लांब."

शेवटी असं ठरलं, की पाखडायचं नाही, नुसतं हाताने निवडायचं, आणि आमच्याकडूनही एक माणूस निवडायला बसेल. मी बसले.

त्या भागातलं तिसरं स्किट मला इथे सांगायला हवं. राजन मुलीचा काका. मुलगी बघायला पाच पाहुणे आलेत. काका आपल्या घराण्याच्या मोठेपणावर भाषण देतोय आणि मालनबाई, म्हणजे घरची सून, मागून पोह्यांच्या पाच प्लेटा आणतात. स्क्रिप्टमध्ये त्यांच्यासाठी एवढंच होतं: सून पोहे देते. तेवढ्यात मुलाचा मामा लूना लावून आत येतो. पाहुणे सहा झाले. त्यावर राजनचा विनोद होता. पण शूटिंगच्या वेळी मालनबाईंनी मागे परस्पर एक उद्योग केला. दिलेल्या प्लेटांमधून एक-एक चमचा पोहे परत काढून घेतले, पाहुण्यांच्या जवळजवळ तोंडापुढून, आणि सहावी प्लेट भरली. शेवटी कढई खरवडली, खरवड स्वतःच्या वाटीत घेतली, आणि तीही सातव्या माणसाची चाहूल लागल्यासारखी झाकून ठेवली. चेहरा मख्ख. तेव्हा मी सेटवर ओरडले होते, "कट, प्लेटा पाच होत्या." मालनबाई म्हणाल्या होत्या, "पाव्हनं वाढलं न्हवं?" रिटेकला वेळ नव्हता म्हणून तो शॉट राहिला. वहीत मी लिहिलं होतं: चूक, प्लेटा सहा.

घेवड्याच्या गोदामात राजनचं भाषण सुरू झालं. शांतता. घेवड्याचे दाणे ताटात पडत होते, टप टप. मग मालनबाईंनी पहिला चमचा परत घेतला.

"अगं ती बघ, परत काढून घेतली."

"कुटं?"

"मागं बघ की, मागं. दुसऱ्याच्याबी काढली."

"आमची थोरली जाऊ अशीच करायची. मी घास घेतला की ताट हलकं."

"आनि तिला काय ऱ्हायलं गं?"

"खरवड. दुसरं काय ऱ्हातंय?"

मग जे सुरू झालं ते मी पुन्हा कुठल्या स्टुडिओत ऐकलं नाही. शेवंताकाकूंनी ताट बाजूला ठेवून जमिनीवर हात आपटले. एकीला ठसका लागला, दुसरी तिच्या पाठीवर मारता मारता स्वतःच आडवी झाली. मुनीर आवाजाच्या काट्याकडे बघत होता. काटा लाल घरात जाऊन तिथेच बसला. "ताई, हलायलाच तयार न्हाई," तो म्हणाला. पोह्यांचा तेवढा तुकडा आम्हाला तीनदा लावावा लागला. शेवंताकाकू जाताना म्हणाल्या, "बाई चांगली घावली तुमास्नी. त्यो पुढं बोलतोय त्येला जरा कमी करा."

शुक्रवारी मी साताऱ्यात होते. पोवई नाक्याजवळ लग्नाच्या शूटिंगवाल्याची एडिटिंगची खोली आम्ही वापरायचो. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, भिंतीवर हार घातलेली नवरा-नवरी. इथे मी जे केलं ते जसंच्या तसं सांगते. मला काम दिलेलं होतं ते राजनच्या विनोदांना हशा लावायचं. मी कोरेगावच्या हशाचे तुकडे केले आणि राजनच्या एकेका वाक्यावर नेऊन चिकटवले. लांब हशा मोठ्या विनोदाला, छोटा छोट्याला. मालनबाईंच्या पोह्यांवर काही लावलं नाही, कारण तिथे विनोद लिहिलेला नव्हता. काम नीट झालं याचं समाधानही वाटलं. बायकांचं बोलणं हशात मिसळलेलं होतं, ते मी ऐकलं, पण गर्दीत बोलणं असतंच म्हणून सोडून दिलं.

शनिवारी अकराला प्रधान आले. पन्नाशीचे, लग्नासाठी कडक इस्त्रीचा झब्बा. अण्णा त्यांच्यासाठी कंदी पेढे घेऊन दारात उभे. प्रधान प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लावा."

पहिली दोन स्किटं त्यांनी मान हलवत बघितली. तिसरं लागलं. राजन म्हणाला, "आमच्या घराण्यात पाहुण्याला कधी काही कमी पडलं नाही." त्यावर मी लावलेला सगळ्यात मोठा हशा कोसळला, आणि त्याच्या मधोमध एका बाईचा खणखणीत आवाज: "दुसऱ्याच्याबी काढली."

प्रधानांनी हात वर केला. "थांबवा. कोणी काय काढली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"मागे घ्या."

मी टेप मागे घेतली. पुन्हा तोच हशा, तीच बाई, आणि तिच्या मागून दुसरी: "खरवड. दुसरं काय ऱ्हातंय?"

"हे राजनबद्दल बोलताहेत?" प्रधानांनी विचारलं.

थाप मारता आली असती. पण थाप मारली की ती पुढच्या सात भागांत लक्षात ठेवावी लागते, आणि माझी वही आधीच भरली होती. मी सांगितलं, "नाही, साहेब. हा हशा मी उचलून इथे लावलाय. त्या दुसऱ्याच गोष्टीला हसत होत्या."

"कुठल्या?"

मी मूळ टेप लावली आणि तिच्याबरोबर मुनीरची गोदामातली टेप सुरू केली. राजनचं वाक्य आलं. टप टप घेवडा. प्रधान म्हणाले, "हा कसला आवाज?" मी म्हटलं, "धान्य निवडताहेत." मग त्यांना म्हटलं, "आता राजनकडे बघू नका. मागे बघा."

त्यांनी चष्मा वर ढकलला. पहिला चमचा. दुसरा चमचा. तीस बायका हसत होत्या आणि प्रधान मात्र अजिबात हसले नाहीत, पुढे वाकून फक्त बघत राहिले. कढई खरवडून झाली तेव्हा म्हणाले, "हे लिहिलंय कोणी?"

"कोणी नाही. त्यांनीच केलं."

"यांना सातव्या भागात काय दिलंय?"

अण्णांनी घसा साफ केला. "त्या सातव्यात नाहीत, साहेब."

"का? कोणी काढलं?"

"आपणच. फोनवर."

"मी?" प्रधानांनी पेढा उचलला. "मी म्हणालो होतो, नवीन चेहरा हवा."

"हो."

"मग हा काय जुना आहे? मी तरी आजच पहिल्यांदा बघितला." त्यांनी पेढा खाल्ला. "हशा जिथे पडलाय तिथेच ठेवा. राजनची वाक्यं राहू देत कोरडी. आणि त्या मुंबईच्या मुलीला मी कळवतो."

बाराला ते कोल्हापूरच्या वाटेला लागले. एवढ्या खटाटोपाचा निकाल एका तासात लागला, तोही लग्नाला उशीर होत होता म्हणून. राजनला मी फोनवर सांगितलं तेव्हा त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या विनोदावर घेवडा पडतोय?" म्हटलं, "स्पष्ट ऐकू येतोय." तो मनापासून हसला. चांगला माणूस होता.

पुढचं इथेच सांगून टाकते. प्रधानांचा फोन आला, बाईंना आता संवाद द्या. नवव्या भागात आम्ही मालनबाईंना दोन पानं संवाद दिले आणि ते स्किट आपटलं, चंद्रावरच्या ग्रामपंचायतीपेक्षा जोरात. त्या प्रत्येक वाक्य बालवाडीत शिकवल्यासारखं म्हणायच्या. दहाव्यापासून त्यांना पुन्हा गप्प केलं. राजन पुढे बोलायचा, त्या मागे काम करायच्या, आणि राजनही हळूहळू त्यांच्यासाठी जागा सोडायला शिकला. तेरा भाग झाले. पुढचे तेरा मिळाले नाहीत. चॅनलने त्या वेळेला गाण्यांचा कार्यक्रम घेतला. गोदामात पुन्हा पोती भरली. या कामात माझी नंतर बरीच वर्षं गेली आणि अजून मी तशीच वही वापरते, पण चूक लिहिण्याआधी थांबते आणि जवळ कोणी हसलं का ते बघते. बऱ्याचदा कोणी हसलेलं नसतं आणि ती चूकच असते.

तर, शनिवारी दुपारी मी साताऱ्याहून कराडची आणि कराडहून कडेगावची एसटी पकडली. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मालनबाईंचे सासरे ओट्यावर बसले होते. उंच, वाळलेले, डोक्याला फेटा.

"कोण म्हनायचं?"

"मी सुनंदा. सांगलीहून आले, टीव्हीचं काम होतं."

"आमचा टीव्ही बिघडला न्हाई."

मालनबाई बाहेर आल्या. पाच दिवसांत मी त्यांना विसरले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होते ती पहिल्यांदाच. मी उभ्या उभ्याच सांगितलं: चॅनलने निर्णय फिरवला, सातव्या भागाचं शूटिंग मंगळवारी, तुम्ही तेराही भागांत आहात. कोरेगावच्या बायकांचंही सांगितलं. त्या ऐकून घेऊन आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"मी यीन," त्या म्हणाल्या. "पर एक इच्यारायचं हाय. शेवटाला नावं येत्यात न्हवं? आमच्याकडं समदी पोरं टीव्हीम्होरं बसून ती मोठ्यानं वाचत्यात. मेकअपवाल्याचं आलं. जीपवाल्याचं आलं. चार भाग झालं, माझं कवा येतंय म्हणून वाट बघत्यात. मामंजीबी बघत्यात."

सासरे रस्त्याकडे बघत होते.

नावांची यादी माझ्याकडे असायची. मी नियम सांगितला: एका भागात चार-पाच तरी संवाद असतील त्याचं नाव नटांत येतं. ज्यांना खास संवाद नाहीत ते 'आणि इतर'. सगळीकडे असंच करतात.

"तुमचं हाय नाव?"

"आहे."

"तुमी कवा बोललाय त्यात?"

ओट्यावरून बारीक खोकल्यासारखा आवाज आला. म्हातारा हसत होता, तोंडाला फेट्याचं टोक लावून.

रात्री त्यांच्याकडेच जेवले आणि राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सासऱ्यांनी एवढंच सांगितलं, "नाव लिवाल तर गाव बी लिवा."

पहिल्या एसटीने मी सांगलीला गेले आणि आमच्या पेंटरच्या घरी जाऊन बसले. नावांच्या पाट्या तो काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने लिहून द्यायचा आणि आम्ही त्या कॅमेऱ्याने टिपायचो. सहाव्या भागाची पाटी तयार होती. तीत मालन, कडेगाव एवढं बसवायचं तर माझी ओळ पुसावी लागत होती.

"ताई, तुमचं पार खाली जाईल, बारीक अक्षरात," पेंटर म्हणाला.

"जाऊ दे. वाळायला किती वेळ?"

"तासभर."

मी थांबले.